बहिणीसाठी निघालेली सीताफळं

रस्ता विचारला की ते मोबाइलकडं बघायचे नाहीत. डावा पंजा पुढं करायचे आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर दाखवायचे. "ह्ये मनगट म्हंजी बीड. ह्यो अंगठा पुणं. आन् बोटांची टोकं संपली की समिंदर." मधलं कुठलंही गाव सांगा, ते तळहातावरच्या एखाद्या रेषेवर सापडायचंच. वर म्हणायचे, "वाटंतच हाय की, ताई."

तुमच्याही ओळखीत असा एखादा ड्रायव्हर असेल. प्रवासाला निघताना आपण त्याला घरचा माणूस म्हणतो आणि जेवायची वेळ झाली की तो गाडीत बसून राहतो. हे ड्रायव्हर आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. पन्नाशी ओलांडलेली, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर, बोलणं थोडं आणि सावकाश. मी त्यांना भाऊ म्हणायचे. आमच्याकडं भाजीवाला भाऊ, वायरमन भाऊ, गॅसवाला भाऊ. त्यामुळं तो शब्द मी फार विचार करून वापरत होते असं काही नाही.

आधी त्यांची साधी ट्रॅव्हलर होती, वऱ्हाडं नेणारी. मग त्यांनी मोबाइलवर परदेशातल्या घरासारख्या गाड्या पाहिल्या आणि डोक्यात घेतलं. मागच्या सीटा काढून दोन बाकं बसवली, रात्री त्यांचा पलंग व्हायचा. एक शेगडी, एवढंसं बेसिन, टपावर पाण्याची टाकी. मागच्या काचेवर लाल रंगात लिहिलं, 'क्यांपर'. गल्लीतल्या कुणीतरी विचारलं, "काय बे, घर हाय का गाडी हाय?" ते म्हणाले, "घरच हाय. फकस्त पळतंय."

त्या 'क्यांपर'चं पहिलं गिऱ्हाईक आम्ही. आमचे हे नुकतेच निवृत्त झाले होते, दोन्ही मुलींना दिवाळीची सुट्टी होती आणि आमची निम्मी माणसं नोकऱ्यांपायी कोकणात जाऊन राहिलेली. नणंद अलिबागला, ह्यांचे चुलते दापोलीला, माझा सख्खा भाऊ रत्नागिरीला शिक्षक. किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं, सगळ्यांना भेटायचं आणि शेवटी मालवण, असं ठरलं. ठरवलं अर्थात मीच. बत्तीस वर्षं शाळेत वेळापत्रकं लावली आहेत, सवय जात नाही.

भाऊंनी एकच गोष्ट मागितली. त्यांची धाकटी बहीण राजापूरच्या पुढं राहत होती. मेहुणा तिकडं चिऱ्याच्या खाणीवर ट्रॅक्टर चालवायचा. चार वर्षं गाठ नव्हती. "भाऊबीजंला आपण तिथनंच जाणार. तासभर तिच्या दारात गाडी लावू द्या, ताई. एवढंच." मी म्हणाले, "अहो, हे काय विचारणं झालं? आम्हीही उतरू. चहा घेऊ तिच्याकडं."

निघताना त्यांनी मागच्या दाराशी एक प्लॅस्टिकचा क्रेट ठेवला. आत वाळलं गवत आणि गवतात सीताफळं. आपल्या डोंगरातली, शेतातल्या झाडांची. डोळे नुकते उघडायला लागलेली बेतानं तोडली होती. "भाऊबीजंला बराबर खायला येतील," म्हणाले. रोज सकाळी गाडी पुसायच्या आधी ते एकेक फळ अंगठ्यानं हळूच दाबून बघायचे, जागा बदलून ठेवायचे.

रत्नागिरीपर्यंत आम्ही त्यांची खूप मजा घेतली. बेसिनचा नळ कुणी जरा जास्त वेळ सोडला की पुढून आवाज यायचा, "टाकी बीडची हाय, बरं का." समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा ते गाडी बाजूला घेऊन उतरले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि ह्यांना म्हणाले, "एवढं पाणी, आन् पिता येत न्हाई. कावून?" दाभोळच्या खाडीत गाडी फेरीबोटीवर चढवली, तेव्हा सगळे ड्रायव्हर खाली उतरून कठड्याशी गेले. भाऊ एकटे आत, हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून. धाकटी म्हणाली, "काका, उतरा ना, गंमत बघा." ते म्हणाले, "तुमी बघा. म्या गाडी धरून हाय." मुली पोट धरून हसल्या. मीही हसले.

आता लाज वाटते ते सांगते.

अलिबागला नणंदेच्या दारात उतरताना लक्षात आलं, की मी बीडहून आणलेला मिठाईचा डबा मुलींनी प्रवासात अर्धा केला होता. अर्धा डबा घेऊन नणंदेच्या घरात कसं शिरायचं? तिथं लग्नापासून माझा हिशेब ठेवलेला आहे. मी मागं वळून म्हणाले, "भाऊ, चार-सहा सीताफळं घेऊ का हो?" ते म्हणाले, "घ्या की. लई हायत." नणंद खूष झाली. कितीतरी वर्षांनी तिनं माझं कौतुक केलं, आणि ते मला फार गोड लागलं.

दापोलीला चुलत्यांकडं मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "भाऊ, डझनभर काढते हं." त्यांनी स्वतः निवडून दिली, वरची कच्ची बाजूला सारून पिकायला आलेली. चुलतसासूबाईंनी मला विचारलं, "ड्रायव्हर जेवायला आत येणार का?" मी म्हणाले, "नको, त्यांना गाडीतच बरं वाटतं." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्यांच्या ताटात काय काय वाढलं होतं तेही मी पाहिलं नाही.

रत्नागिरीला पाडव्याच्या संध्याकाळी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबीज. मी माझ्या भावाला ओवाळलं, त्यानं साडी दिली, दोघांचेही डोळे भरून आले. आमची आई गेल्यानंतरची ती पहिली भाऊबीज. त्या भरात वहिनी म्हणाली, "ताई, तुमच्याकडची सीताफळं किती सुरेख! शेजारी दोन घरं देऊ का?" मी म्हणाले, "दोन कशाला, सगळ्यांना दे." आणि बाहेर गेले. भाऊ तेव्हा बादली घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेले होते, टाकी भरायला. मी क्रेट उचलून आत आणला. वहिनीनं ताटल्या काढल्या. आम्हीही दोन-दोन खाल्ली. रिकामा क्रेट मी परत गाडीत ठेवला, गवतासकट.

ती फळं कुणाची होती हे मी विसरले होते, असं म्हणायला मला आवडेल. मी विसरले नव्हते. मला वाटलं, बहीणच आहे, समजून घेईल. आपल्या नणंदेसाठी मी अर्धा डबा चालवून घेतला नव्हता, आणि त्यांच्या बहिणीनं मात्र समजून घ्यायचं होतं.

ते परत आले, बादली ठेवली, मागचं दार उघडलं. गवतात हात घालून बघितलं. मी ओट्यावर उभी होते. ते म्हणाले, "बरं झालं. पिकाय लागलीच व्हती."

"भाऊ, वाटेत मिठाई घेऊ हं तुमच्या बहिणीला," मी म्हणाले.

"व्हय. घिऊ की."

निघायच्या आधी मी चप्पल घालत होते. गाडीच्या पलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज आला. "न्हाई गं. रस्ता बदलला. आता दुसऱ्या वाटंनं जायाचं हाय... आगं, माझ्या हातात हाय का? गिऱ्हाईक म्हणंल तसं... पुढल्या साली यितो. व्हय. ठिव."

भावानं भाऊबीजेला बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नसतं. हे मला त्यांनी सांगायला हवं होतं का? मी त्याच सकाळी ओवाळून उठले होते.

वाटेत मिठाईची दुकानं लागली. मी ती पाहिली. मुलींना मालवणात चारच्या आत पोचायचं होतं, नंतर समुद्रात नेणारी बोट मिळाली नसती. राजापूरच्या पुढं एका फाट्यावर ह्यांनी पाटी वाचली. "अहो, हेच ना तुमच्या बहिणीचं गाव?"

भाऊंनी पाटीकडं बघितलं नाही. "न्हाई. त्ये दुसरं. तिचं गाव आता वाटंत न्हाई."

अलिबागेत नणंदेचं घर मुख्य रस्त्यापासून पार आत होतं. दापोलीचे चुलते डोंगराच्या टोकाला. आमचं प्रत्येक माणूस त्यांच्या वाटेत होतं. हे गाव खरोखर वाटेत होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर गाडी थांबली असती. माझ्या मनात काय आलं, तेही सांगूनच टाकते. मनात आलं, बरं झालं, बोट मिळेल.

बोट मिळाली. समुद्राखालचे मासे पाहून मुली हरखल्या. भाऊ वाळूत बसून आमच्या चपला सांभाळत होते.

बीडला आल्यावर मी ठरवलं होतं, की पुढच्या हंगामात एक मोठा क्रेट घेऊन त्यांच्या घरी द्यायचा आणि म्हणायचं, हा बहिणीला. माफी मागायचंही ठरवलं होतं. रस्त्यात भेटले की ते हात वर करून विचारायचे, "काय ताई, आवंदा कुठं?" मी म्हणायचे, "बघू." मग दोघंही पुढं जायचो. आषाढात एका सकाळी गाडी पुसताना त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सीताफळाच्या झाडांना तेव्हा नुसती बारकी फळं होती.

तेराव्याला मी गेले. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. त्यांच्या बायकोनं एका सडपातळ बाईला सांगितलं, "ह्या शाळंतल्या बाई. ह्यांनाच घिऊन गेलते कोकणात."

ती बाई सरकून माझ्याजवळ आली. "तुमीच का त्या ताई? दादा फोनवर सांगायचा, लई मायाळू माणसं हायती म्हणून." मग म्हणाली, "त्या भाऊबीजंला यिणार व्हता. ऐन टायमाला रस्ता बदलला म्हणला. मला वाटलं, कशाचा राग धरला का काय माझ्यावर. इचारायचं राहूनच गेलं."

मी येताना वाक्यं जुळवून आणली होती, सांत्वनाची. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. मी म्हणाले, "रस्ता बदलला नव्हता. त्यांनी तुमच्यासाठी क्रेट भरून सीताफळं घेतली होती. मी ती आमच्या नातेवाइकांना वाटून टाकली. न विचारता. मग रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून ते आलेच नाहीत. त्यांचा राग नव्हता. चूक माझी होती."

आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

"मोठ्या डोळ्याची व्हती का बारक्या?" तिनं विचारलं.

"मोठ्या."

"मंग हिरीवरच्या झाडाची. त्यो ती कुणाला तोडू देत नसतो." मग तिनं विचारलं, "गोड लागली का?"

"लई गोड होती," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि वळून भावजयीला म्हणाली, "वैनी, दादा माझ्यासाठी सीताफळं घिऊन निगाला व्हता, बरं का. क्रेट भरून."

नंतर दारातून जी जी बाई आत आली तिला तिनं हेच सांगितलं. मला उठताही येईना. मी मान खाली घालून तिथंच बसले होते, आणि दर वेळी ती माझ्याकडं हात करून म्हणायची, "ह्या ताईंनी डोळ्यानं बघितल्यात."