राउटरची राखण

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघडलेल्या लाइनी दुरुस्त करत आले. रिटायर झाले तरी खोड जाईना. मी आजारी पडले तर हे डॉक्टरच्या आधी टेस्टर लावतील, असं ताई म्हणायची.

मग ताईच विसरायला लागली. गॅस, नावं, मी कोण ते. दार उघडं दिसलं की चालू लागायची. घरात एक माणूस ठेवा, असं दाजींना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. पण ऐकतील ते दाजी कसले! त्यांनी तिच्या मनगटावर वायफायचं घड्याळ बांधलं आणि राउटरच्या सेटिंग उघडून बसले. त्यात देखरेखीची एक सोय असते म्हणे, चार इंग्रजी अक्षरांची. माझ्या कुठली लक्षात राहायला. ती चालू केली, कंपनीचा जगजाहीर पासवर्ड काढून ताईचं माहेरचं आडनाव घातलं. घड्याळ राउटरच्या टप्प्याबाहेर गेलं की दाजींचा मोबाईल वाजायचा आणि अक्षरं यायची, ‘ती बाहेर गेली.’

खोटं कशाला बोलू, चाललं ते. एकदा दाजी अर्ध्या दाढीचा साबण घेऊनच धावले आणि कोपऱ्यावरून तिला हाताला धरून परत आणलं. मग काय, दाजींना स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या दुपारी मी गेले तेव्हा दाजी भाजी चिरत होते. ताई कुठे विचारलं, तर मोबाईल पुढे केला. सिग्नल पूर्ण.

“आज अगदी जवळ बसलीय,” म्हणाले.

मी बाहेरच्या खोलीत गेले. घड्याळ राउटरवर ठेवलेलं होतं. अंघोळीला जाताना दाजी आपलं घड्याळ तिथेच काढून ठेवतात. तिनेही तसंच ठेवलं होतं, नीट.

ती सापडली जुन्या एक्स्चेंजच्या बंद फाटकाशी. मांडीवर दाजींचा जेवणाचा डबा, रिकामा. तिच्या लेखी ते आत कामावर होते. त्यांची वाट बघत उन्हात बसून बसून गेली माझी ताई.

भेटायला येईल त्याला दाजी एकच सांगायचे, मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो हो, सारखा बघत होतो. मला त्यांचा संताप यायचा आणि त्याच वेळी काळीज तुटायचं. त्या घड्याळाला हात लावायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नाही.

घर माणसांनी भरलेलं असतानाच घड्याळाची बॅटरी संपली आणि राउटरला ते दिसेनासं झालं. दाजींचा मोबाईल वाजला. ‘ती बाहेर गेली.’

दाजी सगळ्यांमधून उठले आणि एकाच पायात चप्पल घालून धावले. मी मागोमाग पळाले. कोपऱ्यावर गाठून त्यांचा दंड धरला, तर माझा हात सोडवायला लागले.

“लांब गेली नसेल गं,” म्हणाले. “आत्ताच तर वाजलंय.”