धोंड्याच्या वाणातलं जॅकेट

आटपाडीच्या माणसाला पोहता येत नाही, यात त्याचा काय दोष? माझ्या लहानपणी आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं आणि हंड्यात मावायचं. त्यात सूर मारायची सोय नव्हती. माझं लग्न ठरलं ते पाटणच्या वर, धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या गावातल्या मुलीशी. मुलगी बघायला गेलो तेव्हा परसदाराच्या खाली पसरलेलं ते निळंकाळं पाणी बघून मला घाम फुटला होता. मुलीकडे मी नंतर बघितलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. मामा फौजेतून निवृत्त झालेले, उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांना ही एकच मुलगी. मुलगा नाही, आणि नाही म्हणून कधी कुणाजवळ हळहळलेलेही मी ऐकले नाहीत. मी घरात पाऊल टाकलं की ते उठून उभे राहायचे. "या पाव्हणं, या. आवं, तांब्या आना की पाव्हण्यास्नी." मग मला पाट, मला पहिलं ताट, मला मटणातली नळी. मी चहा नको म्हणालो तरी त्यांना वाटायचं, पाव्हणं रुसलं.

मला याचा मनापासून राग यायचा. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात थोरला मी, त्यामुळे धाकटी भावंडं मला दादा म्हणायची आणि भावकी मला सल्ले विचारायची. मिसरूड फुटायच्या आत मी मोठा माणूस होऊन बसलो. बापाच्या वयाच्या कुणीतरी मला एकदा "ए गाढवा, इकडं ये" म्हणून खेकसावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. सासरा मिळाला तर तो मला अहो-जाहो करत बसला. एकदा धीर करून मी म्हणालोही, "मामा, मला अरे-तुरे करा की." त्यांनी जीभ चावली. "आवं, जावयाला आरं-तुरं केलं तर गाव थुकंल आमच्या तोंडावर."

पण पाण्यावर मामा जरा सैल व्हायचे. फौजेत असताना कुठल्याशा थंड मुलखात त्यांना मासेमारीचा नाद लागला होता आणि निवृत्त होताना पेन्शनबरोबर त्यांनी तोही घरी आणला. त्यांच्याकडे रीळ लावलेल्या दोन काठ्या होत्या. एक डबा होता, त्यात निरनिराळे गळ आणि रबराचे बेडूक. मरळ हा मासा बेडकाला भुलतो, त्याच्यासाठी ते. गावातली माणसं हसायची. सुभेदार खेळणं घेऊन मासं धरतोय, म्हणायची. मामा हसण्याला हसून उत्तर द्यायचे आणि संध्याकाळी हातभर मरळ घेऊन घरी यायचे.

होडी त्यांनी सांगलीहून आणली होती. तिकडे महापुरानंतर बऱ्याच जणांनी फायबरच्या होड्या घेऊन ठेवल्या. पुढे दोन-तीन पावसाळे पाणी उंबऱ्यापर्यंत आलं नाही, तशा त्या अंगणात उलट्या पडल्या आणि त्यांच्यावर वाळवण घालायला लागले. त्यातलीच एक मामांनी टेम्पोत घालून आणली, हिरवी रंगवली, आणि आत पाणी उपसायला तेलाचा कॅन कापून बांधला. मला पहिल्यांदा तिच्यात बसवलं तेव्हा मी दोन्ही कडा अशा आवळून धरल्या होत्या की मामी काठावर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

त्यानंतर अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे घालायचे, दिव्यांचं वाण द्यायचं, ऐपत असेल तर अंगठी. मलकापुरात मी ज्या ट्रॅक्टरच्या दुकानात काम करतो, तिथले सगळे जावई त्या महिन्यात बोटं चमकवत हिंडत होते. मी पाटावर बसलो, मामींनी ओवाळलं, आणि मामांनी मोठ्या थाटात माझ्यापुढे एक पिशवी ठेवली. आत नारंगी रंगाचं लाइफ जॅकेट.

"सोनं काय, बुडतंय," मामा म्हणाले. "ह्ये तरंगतंय."

ते मला तिथंच घालायला लावलं. छातीवर तीन बक्कलं. मामांनी ती स्वतः लावली आणि पट्टे ओढून बघितले, पोराला शाळेत धाडताना गणवेश नीट करावा तसे. कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी आणि अंगात ते जॅकेट, असा मी पाटावर बसलेलो. बायकोला फोटो काढता येईना, इतकी हसत होती. मग धोंडे वाढले. पहिला माझ्या ताटात. मामींनी दुसरा उचलायच्या आत मामांनी ताट पुढं केलं. "पयला जावयाचा, दुसरा माजा. तिसऱ्याचं तुमी बगा." गोड खाण्यात ते कुणाला हार जात नसत.

बायकोनं तेव्हाच विचारलं होतं, "आबा, एकच का आणलं? तुम्हाला?"

"मला? माशाला कुनी टावेल देतंय व्हय?"

सगळे हसलो. मीही हसलो.

पुढच्या दीड-दोन वर्षांत मी पुष्कळदा त्यांच्याबरोबर गेलो. काठी फेकायला शिकलो. पहिल्या दिवशी गळ माझ्याच टोपीत अडकला आणि टोपी पाण्यात गेली. मामा फौजी शिस्तीनं शिकवायचे, पण अहो-जाहो सोडायचे नाहीत. "पाव्हणं, होडीत हुबं ऱ्हायचं न्हाई. पाव्हणं, तिन्ही बक्कलं लावा, दोन लावून भागत न्हाई. घाटमाथ्यावर काळं दिसलं की काठी खाली आनि वल्हं हातात. उलटलीच तर होडी धरून ऱ्हायचं. काठ जवळ दिसतोय म्हनून तिला सोडायचं न्हाई, लय मानसं आशीच गेल्यात." मान देत देत इतकं दटावणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

गेल्या उन्हाळ्यात, चैत्रात, आम्ही दुपारनंतर निघालो. पाणी खाली गेलं होतं. धरणात बुडालेल्या जुन्या झाडांची खोडं वर आली होती आणि त्यांच्या आसपास मरळ असते. मासा काही लागला नाही. घाटमाथ्यावर ढग दिसल्याबरोबर मामांनी काठी खाली ठेवली आणि वल्हं उचललं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावातल्या शहाण्यांनी पुष्कळ अक्कल पाजळली. मामांनी काहीही चुकवलं नाही. वळवाचं वारं त्यांच्या वल्ह्यापेक्षा जोरात आलं, एवढंच. लाटा आडव्या आल्या, होडी एका बाजूनं उचलली गेली आणि आम्ही दोघं पाण्यात.

जॅकेटनं मला वर आणलं. मामांनी उलटी होडी धरली होती आणि मला तिच्याकडे ओढून घेतलं होतं. पण फायबरचं ते गुळगुळीत बूड, माझा हात सुटला. होडी वाऱ्यानं पुढं जायला लागली, मी मागं राहिलो. मी ओरडलो असेन. काय ओरडलो ते आठवत नाही. मामांनी मागे वळून बघितलं आणि होडी सोडली.

होडी सोडायची नाही, हे मला शिकवणाऱ्या माणसानं होडी सोडली.

ते सपासप हात मारत येत होते. त्या वयातही काय पोहायचे! मग मधेच थांबले. त्या बुडालेल्या झाडांत कुणीतरी तंगुसाचं, बारीक नायलॉन दोऱ्याचं जाळं लावून ठेवलं होतं, नाहीतर जुनं तिथंच सोडून दिलेलं होतं. पाण्यात ते दिसत नाही. त्यांचा पाय त्यात गेला. पाय सोडवायला ते खाली वाकले, वर आले, पुन्हा खाली गेले. पट्टीचा पोहणारा माणूस, त्याला पोहायला पायच उरला नाही.

माझ्यापासून फार लांब नव्हते. पण मला पोहता येत नाही, आणि जॅकेटात माणूस उताणा होतो. ते मला बुडू देत नव्हतं आणि जाऊही देत नव्हतं. मी बक्कलं सोडायला लागलो. काढून त्यांच्याकडे फेकावं, एवढंच डोक्यात होतं. दुसरं बक्कल सुटलं तेव्हा त्यांनी ते बघितलं. तोंडात पाणी जात होतं, तरी छातीतून ओरडले,

"काढू नगंस रं पोरा! काढू नगंस!"

माझा हात जागीच थांबला. मग लाट आली. नंतर ते मला दिसले नाहीत.

पलीकडच्या वाडीतल्या एका कोळ्यानं त्याच्या होडीत मला ओढून घेतलं. मामांना संध्याकाळी जाळ्यासकट वर काढलं.

अग्नी कुणी द्यायचा, यावर अंगणात कुजबूज झाली. मला द्यायचा होता. पण मुलगा नसला तर पुतण्या, जावई हा शेवटी पाव्हणा, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. मला बाहेरगावच्या मंडळींबरोबर बाजूला उभं केलं. कुणीतरी मला बसायला खुर्चीही आणून दिली. दहाव्याला एक जण दुसऱ्याला विचारत होता, "जाकीट कुनाच्या अंगावर हुतं?" मी ऐकावं अशा बेतानंच तो विचारत होता. मी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण तोच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होतो, मग त्याला काय मारणार?

सगळ्यांनी मला सगळं विचारलं. वारं कसं आलं, होडी कशी उलटली, जाळं कुणाचं होतं. ते काही बोलले का, हे कुणी विचारलं नाही. बायकोनंही नाही. तिला ते ऐकवलं नसतं, हे मला कळत होतं.

आणि मामी? त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मान मात्र आणखी वाढला. गेलो की पाट, पहिलं ताट, "घ्या की पाव्हणं, लाजू नगासा." पण नजर ताटावर. मला वाटायचं, या बाईनं एकदा तरी माझ्या अंगावर धावून यावं. माझ्या माणसाला पाण्यात सोडून तू कसा आलास, असं विचारावं. त्या आणखी भात वाढायच्या. या घरात मला पुन्हा बसता येईल की नाही, याची मला खात्री राहिली नाही. दुसरा बाप मला मिळणार नव्हता, आणि आता ही आईही चालली होती.

वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ अधिक ज्येष्ठ आला. मामींचा मुलीला फोन आला. "पाव्हण्यास्नी घिऊन ये. धोंडं करायचं हाय." मी म्हणालो, मी येणार नाही. कसलं वाण आणि कसलं काय. बायको म्हणाली, "आईनं जॅकेट घेऊन यायला सांगितलंय."

ते आमच्याकडे माळ्यावर होतं. त्या दिवसानंतर मी त्याला हात लावला नव्हता. खाली काढलं तर एका पट्ट्यात तंगुसाचा तुकडा अजून अडकलेला होता. गाडीत ते मागच्या सीटवर ठेवलं होतं. आरशात दिसत होतं, म्हणून मी आरसा वाकडा केला.

स्वयंपाकघरात मामी चुलीपाशी होत्या. धोंड्यांसाठी त्या गॅस वापरत नाहीत. भिंतीला माझा पाट मांडलेला होता, पुढे रांगोळी. मामींनी जॅकेट माझ्या हातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि बक्कलांवरून बोट फिरवलं.

"त्यो कोळी आलता वर्षसराधाला. म्हनला, पाव्हण्यास्नी वर घेतलं तवा दोन बक्कलं सुटलेली हुती." त्या खाली बघतच बोलत होत्या. "वाऱ्यानं सुटत्यात व्हय ती?"

"नाही. मी सोडली."

"काढत हुता?"

"हो. मामांकडं टाकणार होतो."

"मग का न्हाई टाकलं?"

वर्षभर हा प्रश्न त्यांच्या गळ्यात अडकला होता. बायको दारात उभी होती. तिनं चौकट धरली.

"त्यांनी टाकू दिलं नाही, मामी. ओरडले."

"काय म्हनलं?"

ती हाक मी वर्षभर जपून ठेवली होती. माझ्यापाशी त्यांचं तेवढंच होतं.

"काढू नगंस रं पोरा, म्हणाले."

मामींनी वर बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"पोरा म्हनलं?"

"हो."

"तुमाला?"

"हो, मामी."

त्यांनी पदर तोंडात कोंबला. तरी आवाज आला. मुलगी धावत आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. "उभ्या जल्मात त्यो सबूद घरात उच्चारला न्हाई बग त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटंल म्हनून. मला!" आणि मग त्या आणि मी, दोघंही, चुलीच्या धुराचं निमित्त न करता रडलो. ज्या हाकेसाठी मी लग्नापासून झुरलो होतो, ती मिळाली कधी, तर अशी. परत करून माणूस मिळत असता तर मी तिथल्या तिथं परत केली असती, आणि जन्मभर पाव्हणं म्हणवून घेतलं असतं.

बऱ्याच वेळानं मामींनी तोंड पुसलं. पट्ट्यातला तंगुसाचा तुकडा दातानं तोडून चुलीत टाकला. तिन्ही बक्कलं एकेक करून लावली आणि जॅकेट मामांची टोपी असते त्या खुंटीला अडकवलं. जेवायची वेळ झाली होती. मी सवयीनं पाटाकडे वळलो.

"तितं कुठं?" मामी म्हणाल्या. "पाट पाव्हण्याला आसतोय. तू हितं बस, माज्यापशी."

मी चुलीपाशी जमिनीवर बसलो. त्यांनी मोदकपात्राचं झाकण काढलं, पहिला धोंडा माझ्या ताटात वाढला. मग दुसरा उचलला, ताटासाठी उजवीकडे, मामा बसायचे तिकडे बघितलं, आणि तो तसाच गरम गरम हातात धरून राहिल्या.