पानावर जागा होती

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी भाऊ दुखावेल म्हणून, मग भाऊ गेला म्हणून, मग आमच्या गायन पार्टीतले जुने लोक काय म्हणतील म्हणून, आणि तेही एकेक करून संपल्यावर, आता कुणाला काय पडलंय म्हणून. पण गेल्या महिन्यात डोंबिवलीची दोन पोरं ठाण्याला माझ्या घरी आली, बूट दारात कसेही टाकून सोफ्यावर बसली, आणि त्यातला एक म्हणाला, "काका, कॉम्पोझिशन तुमचंच ना? फक्त हो म्हणा."

कॉम्पोझिशन या शब्दाने मला आयुष्यभर छळलं आहे. खोपटजवळच्या छापखान्यात मी कंपोझिटर होतो. तिथे कंपोझिशन म्हणजे दिवसभर उभं राहून शिशाच्या अक्षरांचे खिळे एकाशेजारी एक लावणं. नातीच्या इंग्रजी शाळेत तो निबंध असतो, आणि तो मीच लिहून द्यावा अशी तिची अपेक्षा असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्टीवरही तो शब्द छापलेला आहे, खाली औषधांची नावं इतक्या बारीक अक्षरांत की आमच्या मालकाने असं काम परत पाठवलं असतं. या पोरांच्या तोंडी कॉम्पोझिशन म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं, "शब्द की चाल?" तर म्हणतो, "काका, पूर्ण कॉम्पोझिशन." पूर्ण! जसं काही डब्यात भरून मिळतं.

तर पूर्ण सांगतो. शब्द माझे. चाल माझी नाही. चाल माझ्या वहिनींची, थोरल्या भावाच्या बायकोची.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या पार्टीला कल्याण, उल्हासनगर, कुठून कुठून बोलावणं यायचं. बहुतेक पार्ट्या सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवायच्या. मीही तेच करायचो. एकदा मोळी विकून मुलासाठी पाटी आणणाऱ्या आईचं गाणं लिहिलं आणि मोहन्याला भावाकडे गेलेलो तेव्हा म्हणून दाखवलं. वहिनी भाकरी थापत होत्या. ऐकून म्हणाल्या, "भाऊजी, ही बाई मोळी घेऊन निघालीय की वरातीत?"

भाऊ खो खो हसला. मी चिडलो. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, कशी निघते ती."

त्यांनी सांगितलं. परातीवरचा हात न थांबवता. पहिली ओळ डोक्यावर ओझं असल्यासारखी खाली दबलेली, दुसरी धाप लागल्यासारखी, आणि 'पाटी' शब्दावर सूर असा वर गेला की भावाचं हसणं थांबलं. मी त्यांना परत परत म्हणायला लावून ती चाल पाठ केली. निघताना त्या म्हणाल्या, "पाटीला घाई करू नका हं. बाईने ती कशी आणलीय ते तिलाच माहीत."

गाणं गाजलं. आमच्यात गीतकार शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो, त्यामुळे गाणारा कुणीही असो, त्याला ते नाव घ्यावंच लागतं. चाल देणाऱ्याला मात्र गाण्यात अशी सोय नाही. त्याचं नाव कुणीतरी वेगळं सांगायचं असतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. कल्याणला स्टेजवर निवेदकाने विचारलं, "चाल कोणाची?" समोर दुसऱ्या पार्टीचा गायक मान डोलवत बसला होता. घरातल्या बाईने चाल दिली म्हटलं तर हा वर्षभर हसेल, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "माझीच." हसला असता तर हसू द्यायचं होतं. काय बिघडलं असतं?

पुढे पार्टीने गाण्यांची पुस्तिका काढली. छापखाना आमचा, जुळणी माझी. त्या गाण्याच्या पानावर मी आधी वहिनींचं नाव लावलंही होतं. मग स्टेजवर सांगितलेलं आठवलं, आणि खिळे काढून परत त्यांच्या खणांत टाकले. पानाच्या तळाशी जागा उघडी दिसायला लागली, म्हणून तिथे पिंपळपानाच्या नक्षीचा ठोकळा बसवला.

पुस्तिका घेऊन मोहन्याला गेलो. वहिनी सातवी शिकलेल्या, वाचायची आवड. त्यांनी ते पान उघडलं, वरून खालपर्यंत वाचलं. मी न विचारताच म्हणालो, "वहिनी, तुमचं नाव घालायचं होतं, पण पानावर जागाच उरली नाही."

त्यांनी पिंपळपानावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "असू दे भाऊजी. मी जाडजूड बाई, एवढ्याशा पानात कुठे मावणार? हे पान मात्र छान बसवलंत." आणि चहा टाकायला उठल्या.

एका ओळीला जागा काढता येत नसेल तर त्या माणसाला कंपोझिटर कशाला म्हणायचं? हे वहिनींनाही कळत होतं, मलाही. तरी ती 'जागा नव्हती'ची सबब मी पुढे वर्षानुवर्षं वापरली, अगदी स्वतःशीसुद्धा.

त्या पानामुळे खरं काय झालं ते मला भाऊ गेल्यावर पुतण्याने सांगितलं. भावाचा कारखाना बंद पडल्यावर वहिनी कल्याणला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायच्या. त्या दिवसांत खडवलीच्या बायकांनी आपलं गायन मंडळ काढलं आणि चाली बसवायला कुणीतरी हवं होतं. वहिनींचं नाव कुणी सुचवलं. "आधी कुठली चाल दिलीय?" त्या बायकांनी विचारलं. वहिनींनी पाटीचं गाणं सांगितलं. तर तिथल्या एकीने आमची पुस्तिका काढून समोर ठेवली. "काकी, हे तर तुमच्या दिराचं." बायका हसल्या. पुतण्या म्हणाला, "काका, आई घरी आली, आणि त्यानंतर मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही. स्वयंपाक करतानासुद्धा नाही."

तेव्हा मात्र मी गेलो. बोलायचं ते मनात जुळवून गेलो. पण वहिनींना ऐकू कमी यायला लागलं होतं, टीव्हीवर मालिका मोठ्याने चाललेली, आणि सून मिनिटामिनिटाला काहीतरी ताटात वाढत होती. मी म्हटलं, "वहिनी, त्या चालीबद्दल बोलायचं होतं."

"चालायला त्रास होतो ना? दिसतंय. गुडघे दाखवा कुणाला तरी."

"गुडघे नाही हो. गाण्याची चाल."

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. "भाऊजी, चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

मला त्यांचाच राग आला. एवढं ठाण्याहून आलो, निदान ऐकून तरी घ्या! तो राग सोबत घेऊनच मी रिक्षात बसलो. पुन्हा जाऊ, म्हटलं. गेलो नाही.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. जलदान विधीला विहार भरलेला. वंदना झाली, आणि सूत्रसंचालकाने माईकवरून जाहीर केलं की ज्येष्ठ गायक, आपले काका, वहिनींच्या स्मृत्यर्थ स्वतःची अजरामर रचना सादर करतील. मी उठलो. माईक हातात घेतला आणि म्हटलं, "गाण्याआधी या चालीबद्दल दोन शब्द..."

"काका, जेवणाची वेळ झालीय, डायरेक्ट गाण्यावर या," सूत्रसंचालक कानाशी म्हणाला.

पुतण्या समोरच बसला होता. माझ्याकडे बघत होता. आणि मी काय केलं? गाण्यावर आलो. त्यांच्याच जलदानाला त्यांची चाल माझी म्हणून गायलो.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. तिथून ते या डोंबिवलीच्या पोरांकडे पोहोचलं, त्यांनी त्याला ढमढम बीट लावला आणि ती माझ्या सोफ्यावर येऊन बसली. मी त्यांना हे सगळं सांगितलं. अगदी पिंपळपानासकट. पोरांनी मोबाईल बाजूला ठेवले, मला वाटलं पोहोचलं. मग एक म्हणाला, "काका, पण थंबनेलवर तुमचा फोटो लावलाय. काकूंना स्पेशल थँक्समध्ये टाकू का?"

"थँक्स कसले? चाल त्यांची आहे!"

"हो हो, चिल काका. बघतो."

बघितलं त्यांनी. गाणं मोबाईलवर आलं, खाली कॉम्पोझिशन म्हणून माझं नाव. मी मुलाला म्हटलं, तिथे माझ्या नावाने लिही, चाल माझ्या वहिनींची आहे, मी खोटं बोललो. तो म्हणाला, "बाबा, आता कशाला? विहारात तुमचा सत्कार ठरलाय." मी हट्ट धरला तेव्हा त्याने लिहिलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'काका, किती मोठं मन!' 'याला म्हणतात नम्रता.' 'वहिनीला आईचा दर्जा देणारी पिढी.' मी डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. खोटं बोललो तेव्हा एका क्षणात सगळ्यांना पटलं. खरं बोलतोय तर माझाच मोठेपणा वाढतोय.

सत्काराला मी जाणार नाही, असं कळवलं आहे. त्यालाही लोक नम्रताच म्हणतील. म्हणोत. मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं.

वहिनी, टीव्ही बंद करायला सांगून, चहा बाजूला ठेवून मला हे म्हणायला हवं होतं. पाटीच्या गाण्याची चाल तुम्ही दिलीत. ती माझी नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचं नाव लावलेलं मी माझ्या हाताने काढलं आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. खडवलीला तुम्ही खरं सांगत होता आणि माझ्यामुळे खोट्या ठरलात. त्यानंतर तुम्ही गायचं सोडलं, त्याला मी कारण आहे. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा.