माणसाचा मान आणि एरंडोलचं भरीत

गाडी जळगावजवळ आली, खिडकीबाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या आणि मी पिशवीतून व्याख्यानाची वही काढली. विषय माझ्या आवडीचा: युरोपातला प्रबोधनकाळ आणि मानवतावाद. एरंडोलजवळच्या एका महाविद्यालयाने बोलावलं होतं. निवृत्त मास्तराला कोणी बोलावलं की अंगावर मूठभर मांस चढतं, तसं माझ्याही चढलं होतं.

व्याख्यान रंगलं. त्या काळच्या विचारवंतांनी माणसाला मान दिला, जुने ग्रंथ स्वतः उघडून तपासायला शिकवलं. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहू लागले. काहींनी तर विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून घरच्या बोलीत लिहिलं. या वाक्याला टाळ्या पडल्या.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, हाऊ मान बठ्ठास्ले (सगळ्यांना) व्हता का? वावरमा (शेतात) राबनारास्ले बी?"

प्रश्न नेमका होता. उत्तर मला माहीत होतं आणि ते माझ्या व्याख्यानाला अडचणीचं होतं. मी हसून म्हणालो, "आधी प्रश्न शुद्ध मराठीत विचार, बाळ." सभागृह हसलं. ती खाली बसली. मी पाण्याचा घोट घेतला आणि पुढे बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मला बोलावणारे देवरे सर आपल्या शेतात भरीत खायला घेऊन गेले. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती. शेतावर कामाला असलेली एक बाई हाताला पदर गुंडाळून ती उलटत होती. मी कौतुकाने फोटो काढला. तिला विचारलं मात्र नाही.

"भरीत फक्कड झालंय, ताई," मी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मोडत म्हणालो.

"खा, सर." तिने आणखी एक भाकरी पुढे केली. "काल तुमले प्रश्न इचारना ना, ती मनी (माझी) पोर शे."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"कालेजमा पहिलांदाच उभी रायनी व्हती. घरमा चार दिन बोलानी तयारी करी. आते (आता) म्हनस, मी कधीच नही बोलसू. आज गयीच नही. कापूस येचाले गयी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडायला तरी काही मिळालं असतं. मी मान खाली घातली. बोलीत लिहिणाऱ्यांचं गुणगान गाऊन दहा मिनिटं झाली नव्हती, तोवर मी एका पोरीचं तिच्याच बोलीवरून हसं केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! खरं तर भाषेचं निमित्त होतं. मला उत्तर टाळायचं होतं.

"मी तिला लिहून देतो," म्हणालो आणि वहीतलं एक पान फाडलं. वर 'चि.' लिहिलं आणि पेन अडलं.

"नाव काय तिचं?"

"रंजना." आणि मग साधेपणाने, "आते इचारं का, सर?"

मी लिहिलं: 'चि. रंजना, तुझा प्रश्न बरोबर होता. नाही, तो मान सगळ्यांना नव्हता. शेतात राबणाऱ्यांपर्यंत तो फारसा पोहोचलाच नाही. हे मी सांगायला हवं होतं. तुझं हसं केलं, त्याची मला लाज वाटते. पुन्हा उभी राहा.' चिठ्ठी बाईने घडी करून कमरेला खोचली आणि वाटेत खायला म्हणून भरीत-भाकरी बांधून दिली. ती शिदोरी गाडीत उघडायचा धीर झाला नाही.

घरी सगळ्यांनी विचारलं, "व्याख्यान कसं झालं?" मी म्हणालो, "वाईट." कोणाला पटलं नाही. रंजनाचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते मागायचा मला हक्कही नाही. व्याख्यानाची वही मी पुन्हा उघडली. पहिल्या पानावर, माझ्या आवडत्या वाक्याच्या आधी, तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला. आणि खाली कोपऱ्यात तिचं नाव.