फणीकाकूच्या बारा पिशव्या

फणीकाकूला खरं नावही आहे, हे मला हजेरीच्या वहीत कळलं. आमच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं बागांमधल्या उंदरांच्या पिसवा मोजते आहे. गुंगी दिलेला उंदीर पांढऱ्या ताटावर धरायचा, केसांच्या उलट्या दिशेने फणी फिरवायची आणि ताटातल्या पाण्यात पडतील त्या पिसवा मोजायच्या. "आमचे हे टकले आहेत ते बरं," ती म्हणते, "घरी तरी हाताला सुट्टी."

पिंजरे लावायचं काम माझं. त्या सोमवारी तळ्याकाठच्या बागेतून मी आणलेल्या उंदरावर त्रेपन्न पिसवा निघाल्या. उंदरामागे पाचाच्या वर गेल्या की रोगाची भीती. साहेबांनी महिनाभर बागेला कुलूप लावायचा आदेश लिहायला घेतला, तसा काकूचा चेहरा उतरला. खुब्याचं हाड मोडलेली तिची सासू तिचा हात धरून त्याच बागेत पुन्हा चालायला शिकत होती. आता महिनाभर बसली तर कायमची बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आकडा काकूनेच लिहिला होता, आणि खोटा आकडा तिच्या हातून मेली तरी लिहिला जाणार नाही.

ती माझ्याकडे वळली. "पिंजऱ्यांत किती सापडले होते रे?"

बारा, मी म्हणालो. पिशव्या धुवायचा कंटाळा, म्हणून सगळे एकाच पिशवीत कोंबले. वाटेत अकरा मेले, ते पुरून टाकले. जिवंत होता तेवढा आणला. वर मला वाटत होतं, शाबासकी मिळेल.

काकूने कपाळावर हात मारला आणि चक्क हसली. अंग गार पडलं की पिसू तिथे थांबत नाही, ऊब असेल तिकडे उडी मारते. बारा घरचे पाहुणे एकाच्याच घरी जेवायला बसले होते.

तिने साहेबांना सगळं सांगून एक दिवस मागून घेतला. "आमची चूक झाली," म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी मी बारा उंदीर बारा पिशव्यांत आणले, मुकाट्याने. सगळ्यांवर मिळून एकोणीस पिसवा. साहेबांनी आदेश फाडून टाकला.

बुधवारी पिंजरे उचलायला गेलो, तर सासू-सून बागेत चालत होत्या. मला बघून काकू थांबली. म्हातारी थांबली नाही, तशीच पुढे निघाली.

"माझा हात सोडला रे त्यांनी," काकू म्हणाली आणि भर बागेत रडायला लागली. मला इतका आनंद झाला की पिंजरे खाली ठेवून मीही रडून घेतलं.