इनपुटच्या यादीत नसलेली सळई

सत्तावीस सप्टेंबर. काम होतं जिनिंग मिलच्या जुन्या पॅनलमधल्या वायरी मोजायचं. दोन्ही दारं उघडी, कानामागे पेन्सिल, आणि एकेका टर्मिनलवरची रुई फुंकून खालचा नंबर वाचायचा. हे पॅनल मी अठरा वर्षं सांभाळलं. कुठला रिले पावसाळ्यात चिकटतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

आता ते काढून पीएलसी बसणार होता. बटणं आणि स्विचांकडून येणाऱ्या खबरी म्हणजे इनपुट, मोटारींना जाणारे हुकूम म्हणजे आउटपुट. मधला विचार इतकी वर्षं भिंतभर रिले करत होते, तो आता वीतभर डबा करणार. डबा कुठल्याही कंपनीचा घ्या, खरी निवड असते ती त्याच्या शेजारी बसणाऱ्या मॉड्यूलची: खबरी किती, हुकूम किती, किती व्होल्टचे, आणि पुढे वाढवायला जागा किती सोडायची. ही निवड मीच करणार असं मी धरून चालले होते.

शेठ म्हणाले, "आपा, तुम्ही यादी करा, सूनबाई पण करेल. परवा सकाळी अकराला ऑर्डर द्यायची आहे. बरोबर असेल ती देऊ."

सूनबाई सुरतेहून आलेली, इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनियर, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी "बरं" म्हटलं आणि आतून जळले. अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी तांब्याची तार गुंडाळत वाढले. आयटीआयमध्ये तुकडीत एकटी मुलगी. मिलमध्ये लागले तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं लोक मलाच विचारायचे, मिस्त्री कुठे आहे म्हणून. आणि ही आली ती सरळ केबिनमध्ये, पायात तिच्या मापाचे सेफ्टी बूट. मला आजही पुरुषी मापाचे मिळतात, पुढे कापूस कोंबून घालते. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या पोरीला मला 'भाभी' म्हणावं लागायचं.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे ज्याची यादी, त्याचं नाव पॅनलच्या दारावर ऑइलपेंटने लिहितात. जुन्या दारावर कधीच मेलेल्या एका मिस्त्रीचं नाव होतं. रोज ते पुसताना मी माझ्या नावाची अक्षरं मनात त्याच जागी बसवून पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही याद्या टेबलावर आल्या. माझे इनपुट चौसष्ट, तिचे शहात्तर.

"फुगवलीत यादी, भाभी," मी हसले. "बारा जादा कुठून आणले?"

"बारा जिन आहेत ना, आपा. तो सळईचा ठोका आहे."

जिनवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकणाऱ्या बायकांना त्यात दगड किंवा लोखंड दिसलं, की त्या सळईने पाइपवर ठोका मारतात आणि हात वर करतात. पॅनलवरचा माणूस मान वर करून बघतो आणि तो जिन बंद करतो. जिनचं स्वतःचं बटण मागे मोटारीपाशी आहे, तिथे वळसा घालून जाईपर्यंत दगड रोलरात जातो, ठिणगी पडते आणि रुई पेटते. हे मला अठरा वर्षं माहीत होतं. पण मी पॅनलमधल्या वायरी मोजल्या होत्या, आणि ठोक्याला वायर नसते. नवं पॅनल रुईपासून वाचावं म्हणून काचेच्या बंद केबिनमध्ये जाणार होतं. तिथे ठोका कोणाला ऐकू येणार होता?

तिने प्रत्येक जिनवर दोरीचा स्विच धरला होता. ओढला की जिन बंद.

बाहेर आले तर बायका हातपाय धूत होत्या. त्यातली सगळ्यात जुनी मला म्हणाली, "आपा, ती पोर दोन दिन आमना जोडे बसनी. तू तं अठरा वरीसमा चहा पेवाले बी बसनी नही!" बाकीच्या खदखदून हसल्या.

मी परत आत गेले आणि तिची यादी पुन्हा वाचली, फक्त चूक शोधायला. सापडली. आउटपुट मॉड्यूल तिने ट्रान्झिस्टरचं धरलं होतं, चोवीस व्होल्ट डीसीचं. आमच्या मोटारींना वीज देणारे सगळे कॉन्टॅक्टर दोनशे तीस व्होल्ट एसी कॉइलचे. हंगामाच्या पहिल्या दिवशी एकही मोटार फिरली नसती.

"कशी वाटली?" तिने विचारलं.

"ठीक आहे," म्हटलं आणि घरी गेले.

भाकरी थापताना मला फार बरं वाटत होतं. कळसाडी, ब्राह्मणपुरीच्या कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत लागलेल्या, मिल गप्प, आणि शेठ ओरडतायत, "आपांना बोलवा!" हे मी दोनतीनदा मनात घोळवलं. मग तव्यावरची भाकरी उलटताना पुढचं दिसलं. तिची यादी खोटी ठरली की शेठ ती अख्खी फेकणार आणि माझी काढणार. माझ्या यादीत दोऱ्या नव्हत्या. भाकरी करपली. मुलीने विचारलं तर गॅस जास्त होता म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आठलाच मिल गाठली. जुन्या पॅनलमधला एक कॉन्टॅक्टर सोडवला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

"कॉइलवर काय लिहिलंय वाचा."

तिने वाचलं. कानापर्यंत लाल झाली. मग म्हणाली, "मध्ये छोटे रिले लावता येतील."

"लावा. मग आणखी चाळीस रिले तपासत, बदलत कोण बसणार? मीच ना? सरळ रिले आउटपुटचं मॉड्यूल घ्या."

"ट्रान्झिस्टर फास्ट असतो, आपा."

"आपली मोटार दिवसातून चारदा चालू-बंद होते. कुठे पळायचंय तिला?"

ती हसली. खोडून नवीन लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "कालच दिसलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल सांगायचं नव्हतं."

तिने कॉन्टॅक्टर माझ्याकडे सरकवला. अकराला तिचीच यादी गेली. दारावर तिचंच नाव येणार हे मला ठाऊक होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. तिच्या बुटांकडे न बघता मी मापाची टेप उचलली, पहिल्या जिनपाशी गेले आणि कालच्या त्या जुन्या बाईला म्हटलं, "हात वर कर. कथा लगून पुरस ते दखू दे." तिचा हात जिथे पोचला तिथे दोरीसाठी खडूने खूण केली आणि दुसऱ्या जिनकडे सरकले.