आत्याबाई उंबऱ्यावर बसत

आत्याबाईंचे हात कोपरापर्यंत लालभडक असत. साबण आणि कढत पाणी, दिवसातून वीस वेळा. पांढरकवड्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी त्या आल्या, तेव्हा माझी मंदा सात वर्षांची होती आणि तिला रक्ताचा कर्करोग आहे हे कळून महिना झाला होता.

"गोळ्यांनी रोग दबेल," नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, "पण रोगाशी लढणारं रक्तही त्याच गोळ्या कमी करतील. साधी सर्दीसुद्धा हिला झेपणार नाही. ताप आला की त्याच दिवशी आणा." माझ्या कडेवर पाच महिन्यांचा मुलगा, तोही सदा शेंबडा. म्हणून मारेगावहून माझ्या थोरल्या नणंदेला, आत्याबाईंना, बोलावलं. आतली खोली मंदाची आणि त्यांची झाली. मी बाहेर.

त्या उंबऱ्यावरच बसत. कोणीही आलं की, "आंधी हात धू, मंग बोल." एकदा चुलतसासरे भडकले. "धम्म घेतला आपण, अन् शिवाशीव घरातच चालू काय?" आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. "शिवाशीव नाई हे, काका. पोरीच्या रक्तात जोर नाई." काकांनी मुकाट्यानं हात धुतले.

मला मात्र पडद्याआडून मंदाचं हसणं ऐकू येई आणि जीव जळे. अंडं मी उकडायचं, सोलून भरवायचं आत्याबाईंनी. केस गळू लागले तेव्हा तिनं रडायलाही त्यांचीच मांडी धरली.

एका दुपारी त्या पाण्याला गेल्या होत्या. बाळाचं नाक नुकतंच पदरानं पुसलेलं, तशीच मी आत शिरले. मंदाला पोटाशी धरलं, त्याच पदरानं तिचं तोंड पुसलं.

"आई, आत्या रागावीन," ती म्हणाली.

ते ऐकून मी तिला आणखीच घट्ट धरलं.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. आत्याबाईंनी हमरस्त्यावर ट्रक अडवला आणि आम्ही नागपूर गाठलं. डॉक्टर संतापले, "हात न धुता कोण गेलं हिच्याजवळ?" मी भिंतीला टेकून उभी होते.

"मीच, डाक्टरसायेब," आत्याबाई म्हणाल्या.

इंजेक्शनं लागू पडली, मंदा वाचली. परतताना मी विचारलं, "काहून खोटं बोलल्या, बाई? मंदानं सांगितलं ना तुमाले?"

"सांगतलं. पन तुयं मायपन तर म्या पयलेच काढून घेतलं. आता नावबी घालवू काय?"

मी विरघळायला हवं होतं. उलट आणखी जळले. माझी चूकसुद्धा त्यांनी माझ्याकडे राहू दिली नाही.

वर्षभरानं रोग उलटला. गोळ्या चालेनात, डॉक्टरांनी घरी पाठवलं. आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत्याबाईंनी आपण होऊन मंदाला माझ्या मांडीवर दिलं आणि त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. चार दिवस ती माझी, एकटीची होती. पाचव्या दिवशी ती पुटपुटली, "आत्या."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिनं पुन्हा हाक मारली.

"बाई, आत या," मी ओरडले, "तुमालेच बोलावून राह्यली."

त्या आल्या. तिचे पाय मांडीवर घेऊन बसल्या. मंदा आमच्या दोघींच्या मध्ये गेली. जाताना तिची नजर कोणाकडे होती, हे आत्याबाईंनी मरेपर्यंत कधी बोलून दाखवलं नाही. मी पाहिलं होतं.